चंदनबालेनं मुलगा पाहिला

माणसाची खरी पारख त्याला विचारलेल्या प्रश्नांवरून होते, याबद्दल जगातल्या सगळ्या विचारवंतांचं एकमत आहे. सातारा-सांगलीकडं ही पारख फक्त लग्नाच्या मुलीची करतात, आणि तिला पहिला प्रश्न 'नाव काय' असा असतो. विचारणाऱ्याला नाव आधीच माहीत असतं.

साताऱ्यात बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या रामगोंडा पाटलांची मुलगी चंदनबाला अशा सहा परीक्षांना बसली होती. स्वयंपाक, शिवण, चार पावलं चालून दाखवणं, सुईत दोरा ओवणं आणि एकदा एकोणतीसचा पाढा. पाढा विचारणाऱ्या मुलाला स्वतःलाच तो येत नव्हता, त्यामुळं तिनं म्हटलेला बरोबर होता की चूक, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या संध्याकाळी तिनं वडलांना सांगितलं, की पुढच्या मुलाला कुणीतरी प्रश्न विचारावेत, मी बाजूला बसून ऐकेन आणि मग होय की नाही ते सांगेन. रामगोंडांनी ते हसण्यावारी नेलं.

सातवं स्थळ रामगोंडांच्या बहिणीनं, सांगलीच्या गुणमालाआत्यांनी आणलं. मुलगा धन्यकुमार, डिप्लोमा झालेला, कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मुलाचे गुण सांगता सांगता आत्या म्हणाल्या, की तो मागंच मुंबईला जाऊन दूरदर्शनवरच्या 'उत्तर द्या' या सामान्यज्ञानाच्या कार्यक्रमात बसून आलाय, आणि तो भाग येत्या बुधवारी दाखवणार आहेत. चंदनबाला म्हणाली, मग बुधवारीच बघू. पोरगी सुधारली, असं रामगोंडांना वाटलं.

अडचण एवढीच होती, की सिंहगडाच्या मनोऱ्यावरून निघालेलं दूरदर्शनचं चित्र डोंगर ओलांडून साताऱ्यात पोचेपर्यंत दमलेलं असायचं. सांगलीला तर ते जातच नसे. तेव्हा मुलाकडच्यांनी मुलगा बघायला मुलीच्या गावी यायचं ठरलं, आणि येताना मुलालाही आणायचं ठरलं. पाटलांच्या घरी टीव्ही नव्हता. तो शेजारी, किल्ल्याच्या उतारावर राहणाऱ्या निवृत्त सुभेदार लालासाहेबांकडं होता.

"आवं पाटील, खुशाल या की," लालासाहेब म्हणाले. "टीव्ही काय आमच्या एकट्याचा हाय व्हय?"

टीव्ही त्यांच्या एकट्याचाच होता.

बुधवारी मंडळी आली. जैनांचं घर, त्यामुळं पोहे, चहा सगळं सूर्यास्ताच्या आत उरकलं, आणि कार्यक्रम होता अंधार पडल्यावर. म्हणजे ऐन वेळी लालासाहेबांकडं बसल्यावर अवघडलेपण लपवायला कुणाच्या हातात कपबशीसुद्धा नव्हती. सुभेदार मात्र स्वतःचा चहा घेऊन बसले होते. धन्यकुमारला बघून ते जरा संशयात पडले. हा इथं, तर मुंबईत कोण बसलंय, असं त्यांनी विचारलं. चित्रण आधीच झालंय, असं समजावल्यावर त्यांचं पुढचं म्हणणं, की मग निकालही लागला असणार, तो सांगून टाकावा. निकाल आधी सांगायचा नाही असा नियम आहे, असं धन्यकुमार म्हणाला. कार्यक्रमाच्या साऱ्या नियमांत हा एकच त्याला मनापासून आवडला होता.

पडद्यावर मुंग्या, आणि मुंग्यांत चार स्पर्धक. डावीकडून तिसरा धन्यकुमार, असं त्याच्या वडलांनी बोट लावून दाखवलं. पहिला स्पर्धक पुण्याचा होता. तो प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होता.

"ह्याला पलटणीत घ्यायला पायजे हुता," सुभेदार म्हणाले. "गोळी सुटायच्या आधी पडला असता."

चंदनबाला दाराशी बसून पडद्याकडं बघत होती. तिथून तिला दोन्ही धन्यकुमार दिसत होते. त्यातला खोलीतला उठला आणि म्हणाला, की चित्र नीट येत नाही, मी वर जाऊन अँटेनाचा पाईप धरतो. बघायला आलेला मुलगा शिडी चढतो, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गुणमालाआत्यांनी भावाकडं अशा ऐटीत पाहिलं, की जणू शिडी त्यांनी स्वतःच लावली होती.

तो वर गेला आणि चित्र खरंच उजळलं. पुणेकराच्या शर्टाच्या रेघा मोजता येऊ लागल्या. दुसऱ्या स्पर्धकाचे प्रश्न संपले, सूत्रसंचालक तिसऱ्याकडं वळले, आणि चित्र वाकडं झालं. मग मुंग्या. मग नुसत्याच मुंग्या, आणि आवाज तेलात मिरच्या टाकल्यासारखा. सुभेदारांनी दारातून हुकूम सोडले, डावीकडं घे, उजवीकडं घे. प्रत्येक हुकमासरशी होतं तेही जाऊ लागलं.

चंदनबाला उठली आणि अंगणात गेली. वर पत्र्यावर पाईपाला मिठी मारून तिचं सातवं स्थळ उभं होतं.

"तुम्हीच वळवताय का?"

वरून आलं, "व्हय."

"कशाला?"

"म्होरं बघण्यासारखं काय न्हाई."

"मला सहा जण बघून गेले," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुणी पाईप वळवला नाही."

त्यानं पाईप सरळ केला.

ती आत आली तेव्हा पडद्यावर धन्यकुमार होता, आणि लालासाहेबांच्या टीव्हीवर इतका स्वच्छ माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. सूत्रसंचालकांनी विचारलं, "कोयना धरण महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्यात आहे?"

"सातारा," खोली एका आवाजात म्हणाली. या कार्यक्रमातल्या एकाही प्रश्नाला आजवर तोंड न उघडलेल्या सुभेदारांच्या साळूबाई, त्यासुद्धा चुलीपासून म्हणाल्या.

पडद्यावरच्या धन्यकुमारनं सूत्रसंचालकांकडं पाहिलं, वरच्या दिव्याकडं पाहिलं, स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. घंटा वाजली. प्रश्न फिरत फिरत पुणेकराकडं गेला, आणि तो 'सातारा' म्हणून गुण घेऊन मोकळा झाला.

मुलाचे वडील सतरंजीची वीण बघू लागले. रामगोंडा खाकरले. आता कुणीतरी 'कळवतो' म्हणणार, एवढ्यात गुणमालाआत्या म्हणाल्या, "लाजलं गं बाई लेकरू."

मग त्यांनी फोड करून सांगितलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग चांगल्या वळणाच्या मुलानं साऱ्या महाराष्ट्रासमोर सासुरवाडीचं नाव कसं घ्यावं? साळूबाईंना हे लगेच पटलं. आमच्या ह्यांनीबी पलटणीत माझ्या गावाचं नाव कवा काढलं न्हाई, असं त्या म्हणाल्या. लालासाहेब म्हणाले, की ते गावाचं नाव विसरले होते. पण तोवर रामगोंडांचे डोळे पाणावले होते.

धन्यकुमार शिडी उतरून आत आला तो, आपल्याला नापास करणाऱ्यांचे चेहरे बघायच्या तयारीनं. आत्यांनी त्याच्या हातावर साखर ठेवली. रात्र झालेली, खाता येत नव्हती, म्हणून त्यानं ती मुठीत धरली आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आत्यांनी त्याला बसवलं. रामगोंडांनी मुलीकडं पाहिलं. चंदनबाला म्हणाली, "होय." कारण कुणी विचारलं नाही, आणि पाईपाचं तिनं सांगितलं नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. लाजऱ्या जावयाची गोष्ट तोवर सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत मुक्कामाला गेली होती, आणि वरातीत दोन म्हाताऱ्यांनी धन्यकुमारची त्यासाठी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी नवरानवरी एसटीनं सांगलीला निघाली. उंब्रज मागं पडल्यावर चंदनबालेनं विचारलं, "त्या दिवशी खरंच लाजला होतात?"

"न्हाई," धन्यकुमार म्हणाला. "तवा तुझं स्थळ तरी कुठं निघालं हुतं? मला वाटत हुतं रत्नागिरी. पण खात्री न्हवती, म्हणून गप बसलो."

कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. पाटण तालुक्यात.