अठ्ठ्याऐंशीची गोळी

"थांब, थांब!" गोविंदानं ढोलकीवर पालथा हात ठेवला. "अवं, पयून कायले राह्यली? मांगं कोनी लागलं का तुह्या?"

विहारातल्या बाया खुदकन हसल्या. फेब्रुवारीच्या गार सकाळी पंचफुलाच्या कपाळावर घाम होता, आणि छातीत कुणी मुसळ चालवावं तशी धडधड. बोरी अरबच्या या विहारात भीमजयंतीचं पहिलं कडवं बावीस वर्षं तिचंच. गोविंदा डोळे मिटून वाजवायचा आणि त्याच्या थापेवर बायकोचा सूर अलगद येऊन बसायचा, ओळखीच्या फांदीवर पाखरू बसावं तसा. दोन वर्षांपूर्वी थायरॉईड निघाला आणि पाखराची फांदी चुकली. पंच्याहत्तर मायक्रोग्रॅमच्या गोळीवर घसा जड, सूर मागं रेंगाळायचा. आताच्या शंभरवर तो पुढं धावायचा. गोविंदाला आता तिच्या ओठांकडं बघत वाजवावं लागे.

"पंचफुलाबाई, औंदा पयलं कडवं लेकीले देऊन टाका," बेबीताई म्हणाली. "मैत्रेयीचा गळा कोवळा हाय. तुमी आराम करा."

"देईन ना. पन हारून नाही देणार."

दुसऱ्या दिवशी नवराबायको यवतमाळला गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "गोळी उपाशीपोटी घेता ना?"

"घेतो," पंचफुला म्हणाली. "चहासुद्दा तासभर थांबते माह्यासाठी."

"मग नेमकं होतं काय?"

"सांगून नाही समजाचं, बाई." ती नवऱ्याकडं वळली. "वाजवा हो."

गोविंदानं लाजत टेबलावर बोटांनी ठेका धरला. पंचफुला गुणगुणू लागली आणि बघता बघता ठेक्याच्या पुढं निघून गेली. "हे शंभरचं." मग तिनं मुद्दाम रेंगाळून दाखवलं. "हे पंच्याहत्तरचं. याच्या मधात काही हाय का?"

बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आहे," त्या हसून म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीची. सहा आठवडे घ्या, मग पुन्हा रक्त तपासू."

सहा आठवड्यांनी रिपोर्ट बरोबर आला. पंचफुलानं तो घडी करून ठेवून दिला. तिचा खरा रिपोर्ट जयंतीच्या सकाळी यायचा होता.

त्या सकाळी विहारापुढं सारं गाव जमलं. पांढऱ्या साडीचा पदर सारखा करून तिनं सूर लावला:

"अक्षर आलं घरा, उंबरा उजळला गं,
माझ्या भीमरायाचा दिवस उगवला गं."

थाप आणि सूर एकाच पावलावर उतरले. ना मागं, ना पुढं. बेबीताईनं नकळत टाळी धरली. कडवं पुरं झालं आणि चढी ओळ आली, तेव्हा पंचफुलाला कळलं, ती जुनी उंची आता गळ्यात उरलेली नाही. ती अडखळली नाही. माईक तिनं आपल्या हातानं मैत्रेयीपुढं धरला. लेकीनं ओळ वर उचलली, आणि आई खालच्या सुरात तिच्या जोडीनं चालत राहिली.

गाता गाता तिनं ढोलकीकडं पाहिलं.

गोविंदाचे डोळे मिटलेले होते.