रिकाम्या डब्याची साक्ष

मित्रांनो, झाकणाला पोचा पडलेला मी एक जुना, पेढ्यासारखा बसका गोल, पेढेघाटी डबा आहे. एरवी डबे आपली थोरवी सांगतात, किती वर्षं राबलो, किती जणांची पोटं भरली वगैरे. माझ्याजवळ सांगायला थोरवी नाही. मी वर्षभर एका आईसमोर खोटी साक्ष दिली, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत भांड्यांच्या दुकानात मी चकाकत बसलो होतो. म्हसावदच्या गजराबाईंनी मला उचललं, झाकण तीनदा लावून काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाऊ चांगला शे. भाकर मोडाव नही यामा." लगेच दुकानदाराकडून माझ्या पोटावर त्यांनी आपलं नाव टाकून घेतलं. टक टक टक करत त्याने 'गजराबाई' असं कोरलं. दुखलं, पण अभिमानही वाटला. नावाचं भांडं झालो ना मी!

पहिली काही वर्षं मी शेतात जायचो. मग त्यांचा मुलगा नवनीत धडगावच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागला आणि मी त्याच्या पिशवीत गेलो. सकाळी सातला म्हसावदहून जीप, मग घाट, आणि संध्याकाळी तीच वाट परत. त्यासाठी गजराबाई पाचला उठायच्या. दादर ज्वारीची भाकरी चुलीवरून उतरली की फडक्यात गुंडाळून माझ्या पोटात. सोबत कधी घोटलेली उडदाची डाळ, कधी पोकळ्याची भाजी, कधी वाफवलेल्या डाळीचे फुणके. कोपऱ्यात हिरव्या मिरचीचा ठेचा असायचाच. काय सांगू, घाट चढताना त्या वासाने मलाच भूक लागायची! नवनीत दुपारी कचेरीमागच्या चिंचेखाली बसायचा आणि बोटं चाटून मला रिकामा करायचा. घरी गेल्यावर गजराबाई पिशवीतून मला काढायच्या, हलकं वजन हाताला लागलं की हसायच्या आणि विचारायच्या, "पुरना का रे भाऊ?"

"पुरना, माय."

तेव्हा ते खरं होतं. रिकामा डबा म्हणजे लेक जेवल्याची साक्ष, आणि माझी साक्ष तेव्हा खरी होती.

मग माझ्या हातून ते घडलं. एका सकाळी जीपमध्ये दाटी होती म्हणून पिशव्या टपावर बांधल्या होत्या. घाटाच्या वळणावर आमची पिशवी सुटली आणि मी दगडावर आपटलो. झाकणाला पोचा पडला. दुपारी नवनीतने झाकण ओढलं, हलेना. किल्लीने उचकलं, हलेना. पोटात कावळे ओरडत होते बिचाऱ्याच्या. समोरच हेमराजचं हॉटेल होतं, साधंच, पण शुद्ध शाकाहारी. गजराबाईंच्या घरात कोणी मांसमच्छीला शिवत नाही, म्हणून धडगावात नवनीतला चालण्यासारखं ते एकच ठिकाण. हेमराज गल्ल्यावरून हसला, "नवनीतभाऊ, डबाशी काय कुस्ती खेळी ऱ्हायना? ये, शेवभाजी आत्तेच उतरनी शे."

नवनीत गेला. आणि मित्रांनो, त्या शेवभाजीला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तेलाची तर्री, त्यात जाड तिखट शेव अर्धी कुरकुरीत, अर्धी भिजलेली. बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड. वाफ नुसती भपभप येत होती. नवनीतच्या कपाळावर घाम आला, नाक गळायला लागलं आणि तो म्हणाला, "हेमराजभाऊ, अजून थोडा रस्सा."

मागच्या दाराशी एक बाई भांडी घासत होती. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून रोज पायी यायची. तिने मला घेतलं, झाकणावर गरम पाणी ओतलं, कडेला बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि मी टपकन उघडलो. तोवर नवनीतने ढेकर दिला होता. डबा वाया जाऊ नये म्हणून तो म्हणाला, "घे, तूच खा. माझ्या आईने पाठवलंय."

यात काय पाप होतं? काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने माझं झाकण ओढूनही पाहिलं नाही. मागच्या दाराशी मला ठेवलं आणि शेवभाजी मागवली. तिसऱ्या दिवशी तेच. गार भाकरीपुढे गरम रस्सा, कोणाची जीभ चाळवणार नाही? लागलेली चटक सुटते थोडीच! घरी मात्र मी रिकामाच जायचो. गजराबाई मला तोलायच्या, हसायच्या, विचारायच्या. नवनीतची नजर इकडेतिकडे व्हायची आणि एकदा, लाज झाकायला म्हणून असेल, तो म्हणाला, "आज त जरा कमी पडना, माय."

"मंग सकाय एक भाकर जास्तीनी टाकसू!"

त्या आणखी लवकर उठू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, हा जेवत नाही! पण मी भांडं. मला तोंड आहे, जीभ नाही.

ती भांडी घासणारी बाई मात्र भलतीच समजूत करून बसली होती. आईने पाठवलंय म्हणजे आपल्यासाठीच पाठवलंय, असं तिला वाटलं. पोटावरच्या अक्षरांवर बोट ठेवून तिने विचारलं, "काय लिहिलंय साहेब?" नवनीतने वाचलं, "गजराबाई." तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. त्या संध्याकाळी मला राखेने लख्ख घासून तिने माझ्यात मूठभर आमचूर घातलं. "आईला द्या. रिकामं भांडं परत देत नाय आपण."

आता आमचूर घरी गेलं असतं तर प्रश्न आला असता, कोणी दिलं, का दिलं. म्हणून म्हसावदच्या फाट्यावर उतरल्यावर नवनीतने बाभळीखाली मला उलटा केला आणि झटकला. नंतर ते रोजचंच झालं. कधी मोहाची सुकलेली फुलं, कधी करटुली, कधी शेंगा. एकदा चारोळी होती, ती तेवढी त्याने उभ्या उभ्या खाल्ली. बाकी सगळं बाभळीखाली. एकीचं कष्टाचं अन्न खोटं बोलून दिलं आणि दुसरीची भेट मातीत टाकली, आणि दोन्ही वेळा ओझं वाहणारा मीच! नवनीत वाईट मुलगा नव्हता हो. झटकून झाल्यावर तो क्षणभर तिथेच खाली मान घालून उभा राहायचा. पण दुसऱ्या दिवशी तर्रीचा वास आला की मान पुन्हा वर.

मागच्या हिवाळ्यात गजराबाई गोठ्यात घसरल्या. मनगट सुजलं. "काही नही व्हयनं," म्हणून त्यांनी पदराची चिंधी बांधली, नवनीत घरात असला की हात पदराखाली घेतला आणि भाकरी थापतच राहिल्या. त्या भाकऱ्या माझ्या पोटात वेड्यावाकड्या बसायला लागल्या. रात्री घरी खिचडी असायची. नवनीतला कळायला त्याने डब्यातली भाकरी पाहिली पाहिजे ना!

आठव्या दिवशी ती बाई हातात भाकरी घेऊन थेट त्याच्या टेबलाशी आली.

"साहेब, आईच्या हाताला काय झालं?"

"हाताला? काही नाही."

"नाय कसं? ही पाहा. इकडं जाड, तिकडं पातळ. उजवा हात दाबतच नाय तिचा. आठ दिवस झाले."

नवनीतचा घास हातातच राहिला. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी जंगलातून पाला आणि कांडवेलीची दोन कांडं घेऊन आली. माझ्यात भरली, सांडू नये म्हणून तळहाताने झाकण दाबून दाबून बसवलं. "गरम करून बांधायला सांगा गजराबाईला."

फाट्यावर नवनीत बाभळीखाली गेला. झाकण ओढलं, निघेना. दगडावर आपटलं, निघेना. तुम्ही म्हणाल, डब्याने मुद्दाम केलं. खोटं कशाला बोलू, तो माझा पोचाच होता. पण त्या दिवशी मी जीव खाऊन देवाला म्हणत होतो, की बाबा, निघू देऊ नको!

घरात पाय ठेवताच गजराबाईंनी नेहमीसारखी पिशवी घेतली. वजन हाताला वेगळं लागलं. डाव्या हाताने त्यांनी मला चुलीच्या धगीशी धरलं, उंबऱ्यावर हलकेच ठोकलं आणि मी उघडलो. पाल्याचा उग्र वास घरभर झाला.

"हाई कोनी दिधं?"

नवनीत भिंतीकडे पाहत म्हणाला, "हाटेलमा एक बाई शे. तुन्हा हातसाठी दिधं."

"मन्हा हात दुखस, हाई तिले कसं समजनं?"

"तिनी भाकर देखी. एक बाजूले जाड व्हती म्हनीसन."

गजराबाईंनी पाला ताटलीत काढून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आनि तुले? तुले नही दिखनी?"

नवनीत रडायलाच लागला. मग सगळं बाहेर आलं, पहिल्या दिवसापासून बाभळीपर्यंत. गजराबाईंनी ना आवाज चढवला, ना कपाळ बडवून घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिनं नाव काय शे?"

"माले माहीत नही."

"वरीस व्हई गयं. मन्हा हातनी भाकर जिनी खादी, तिनं नाव तुले माहीत नही?"

त्या रात्री मला कोणी घासलं नाही. मी तसाच चुलीपाशी पडून होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

सकाळी पाचला त्या उठल्या. मनगटाला पाला बांधलेला. तशाच हाताने त्यांनी दोन भाकऱ्या थापल्या, वाटीत उडदाची डाळ भरली, ठेचा ठेवला. नवनीत म्हणाला, "माय, आज मी खासू." त्यांनी मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हाऊ डबा तुन्हा नही. तिले दे. तुले हाटेल शेच ना. आनि नाव ईचारी ये."

मित्रांनो, त्या दिवशी वर्षभराचं खोटं खरं झालं. आईने खरोखरच तिच्यासाठी डबा पाठवला होता.

दुपारी नवनीत मागच्या दाराशी उभा राहिला. "तुमचं नाव काय?" भांड्यातून हात काढून ती म्हणाली, "कालीबाई." त्याने मला दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरलं. मग तो आत जाऊन बसला. हेमराजने तर्री घालून शेवभाजी आणली. नवनीतने रोटीचा तुकडा मोडला, बुडवला आणि तसाच ठेवला. रस्सा गार झाला, वर तेलाचा थर धरला. शेवटी तो उठला आणि मागे येऊन भांड्यांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसला. "कालीबाई, चतकोर भाकर द्याल?"

तिने चतकोर नाही, अर्धी मोडून दिली. तीही जाड बाजूची. नवनीतने ती डाळीला लावली, तोंडात घातली आणि चावता चावता त्याचे डोळे भरून आले. आईच्या हातची भाकर त्याला दुसरीपुढे हात पसरून खावी लागली.

संध्याकाळी फाट्यावर तो थांबला नाही. घरी गजराबाईंनी मला घेतलं. माझ्यात मूठभर आमचूर होतं. सवयीने त्यांनी विचारलं, "पुरना का?"

"अर्धी भाकर भेटनी, माय. कालीबाईनी दिधी."

गजराबाईंनी आमचूर बरणीत भरलं. मग त्या म्हणाल्या, "सकाय दवाखानामा लई चाल माले. आनि येतांना दुसरा डबा लई येवू." आता म्हसावदहून रोज दोन डबे निघतात. नवा नवनीतचा आहे. मी कालीबाईचा.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पोचा आला तरी चालेल. हॉटेलात जरूर जेवा, शेवभाजी तर खाच. फक्त संध्याकाळी घरी कोणी विचारलं, "डबा पुरला का?" तर खरं ते सांगा. माझ्यासारख्या मुक्या भांड्याला तुमच्या वतीने खोटं बोलायला लावू नका.