अक्षर उत्तम

तपासणी केंद्राच्या त्या खोलीत पुस्तक सोडून सर्व काही होते. लाल पेनांची खोकी, गठ्ठ्यांची सुतळी, दमट कागदाचा आंबूस वास. ज्या कथेवर मुलांनी निबंध लिहिले होते ती कथा मात्र एकाही टेबलावर नव्हती. तिची गरज नव्हती. आदर्श उत्तरातले अवतरण निबंधात सापडले की पुराव्याचे गुण पूर्ण, नाही सापडले की शून्य, अशी रीत होती.

तिथे निबंध तपासणाऱ्या एका बाई प्रत्येक ओळ वाचत, म्हणून त्यांना सगळे 'भिंगताई' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. शेजारचे मास्तर दर पानाला अंगठा जिभेला लावत आणि तोच पुढच्या मुलाच्या उत्तरावर टेकवत. सकाळपासून भिंगताईंनी आपली खुर्ची दोनदा दूर सरकवली होती.

"अवतरणं मोजा आणि सुटा, ताई," मास्तर म्हणाले. "वाचत बसलात तर इथेच म्हाताऱ्या व्हाल."

कथेतली विधवा घर कायमचे सोडून निघते. तिच्या निर्धाराचा पुरावा म्हणून मुलांनी एकजात एकच वाक्य दिले होते: 'तिने मागे वळूनही पाहिले नाही.' इतके एकमत पाहून भिंगताईंना आनंदाऐवजी संशय आला. एकाच बिघडलेल्या तापमापकाने सगळ्या गावाचा ताप मोजला तर आकडे छान जुळतात. गावाची प्रकृती मात्र कळत नाही.

मग एक निराळा निबंध हाती आला. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यात अवतरण होते: 'फाटकापाशी ती थांबली आणि दोनदा मागे वळली.' खाली लिहिले होते, की डोळे भरून घर पाहूनही ती निघाली, म्हणून तिचा निर्धार खरा. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, फक्त क्रमांक. भिंगताईंनी मनात पोरगी धरली. या अनुमानाला आधार नाही, हेही लगेच मनात नोंदवले. रीतीप्रमाणे पुराव्याला शून्य पडत होते, आणि त्या शून्याने पोरगी नापास होत होती.

शून्य मांडून त्यांनी पिशवीतले पाठ्यपुस्तक काढले. विधवा दोनदा वळली होती. बाकी सगळ्यांनी दिलेले वाक्य कथेत कुठेच नव्हते.

आदर्श उत्तर मुख्य परीक्षकांचे, आणि मुख्य परीक्षक म्हणजे भिंगताईंचे सख्खे थोरले भाऊ. पुस्तक आणि तो निबंध घेऊन त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. दादांनी कथेचे पान पाहिले, चष्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिले. ते अवतरण काही वर्षांपूर्वी आठवणीतून लिहिले होते, हे त्यांनी आढेवेढे न घेता कबूल केले. तेव्हापासून शिक्षक वर्गावर्गांत तेच उतरवून देत आले होते.

"पण वाक्य झकास आहे," ते म्हणाले. "मूळ कथेपेक्षा बरं."

"दादा, ते कथेत नाहीये."

"सगळ्यांनी लिहिलंय ना? मग झालं."

"एकीनं नाही लिहिलं. तिनं कथा वाचली."

"हौस तिला."

भिंगताई हटल्या नाहीत, तेव्हा दादांनी शांतपणे हिशेब समजावला. चूक जाहीर केली तर सगळे गठ्ठे पुन्हा उघडतील, निकाल अडकेल, पुढचे प्रवेश बुडतील. त्यात त्या पोरीचाही. स्वतःच्या अब्रूविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. हिशेब बरोबर होता, आणि भिंगताईंना किळस आली ती नेमकी त्याचीच.

"बस, चहा घे. तुझी ती निबंधवाली पोरगी पास झाली म्हणजे झालं ना?"

दादांनी अंगठा जिभेला लावला, निबंधाचे पान उलटले, पुराव्याचे शून्य तसेच ठेवले आणि 'हस्ताक्षर व टापटीप' या रकान्यात पूर्ण गुण दिले. बेरीज उत्तीर्णाच्या रेषेवर काठोकाठ आली.

"हे अक्षर उत्तम?"

"कोण बघतंय? सही कर."

गुणपत्रिकेत प्रत्येक बाबीचे गुण वेगळे छापले जात. पोरीला एवढेच कळणार होते, की तिच्या पुराव्यात काही अर्थ नव्हता, पण अक्षर उत्तम होते. पुढच्या वेळी ती काय करील, हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती.

भिंगताईंनी सही केली. चहाला हात लावला नाही. नळाखाली बोटे घासून त्या जागेवर परतल्या, गठ्ठ्यातला पुढचा निबंध त्यांनी ओढला आणि 'तिने मागे वळूनही पाहिले नाही' या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.