मागं चालणारा कान्हू

मी चित्रकथेचा सत्ताविसावा अंक बोलतोय. नाव 'मशालीचा मानकरी'. पानं बत्तीस, रंग चार, आणि मुखपृष्ठावर लाल शेला उडवत उभा असलेला माणूस. तो मेघदंड नाही हं. मेघदंड पहिल्या सव्वीस अंकांचा नायक. माझ्यावर उभा आहे तो कान्हू, त्याचा जोडीदार.

सव्वीस अंक कान्हूनं मशाल धरली, मेघदंडाच्या जखमा बांधल्या, त्याचा फाटलेला शेला टाचला, आणि दर अंकात दोनच वाक्यं बोलला: 'सांभाळून' आणि 'आलोच'. माझ्यात मेघदंड दरीत कोसळतो. धरण फुटतं, शहर बुडायला लागतं. तेव्हा कान्हू तो भलामोठा शेला आपल्या मापाचा कापून अंगावर घेतो आणि शहर वाचवतो. शेवटच्या चार पानांत लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. छापताना लाल शाई जरा सरकली, म्हणून नाचणाऱ्यांच्या गालांचा रंग थेट कानांपर्यंत गेलाय.

एक्क्याऐंशी साली मी पुण्याहून गठ्ठ्यात बांधून निघालो, परभणीला उतरलो आणि तिथून एसटीनं पालमजवळच्या एका गावी आलो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना आपण सुटलो असं वाटेल.

चावडीशेजारच्या दोन खोल्यांत वाचनालय होतं. ग्रंथपाल व्यंकटराव. ते खुर्चीवर बसत, वर्तमानपत्र वाचत आणि दुपारी तेच तोंडावर घेऊन झोपत. बाकी सगळं सिताराम करायचा. सिताराम भीमनगरातला, कागदोपत्री मदतनीस. कुलूप तो काढायचा, झाडायचा तो, नोंदी तो करायचा आणि फाटकी पुस्तकं शिवायचाही तोच. घरून कणकेची खळ शिजवून आणायचा, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचा. मला आल्या दिवशीच त्यानं खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि पाठीला दोऱ्याचे तीन टाके मारले. इतक्या हलक्या हातानं मला नंतर कुणी धरलं नाही.

त्या दिवशी त्यानं मला उभ्या उभ्या वाचलं. शेवटची चार पानं दोनदा वाचली. मग माझ्यामागं एक कोरं पान चिकटवलं आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: 'जरूर वाचावे. यात मागे चालणारा पुढे येतो. – सिताराम.'

त्या वाचनालयाची रीतच पडली मग. पुस्तक परत करताना वाचणाऱ्यानं मागच्या पानावर एक ओळ शेरा लिहायचा, खाली सही करायची. आणि गाव वाचायचं ते सितारामच्या सांगण्यावरून. लोक कपाटाकडं बघायचेच नाहीत. दारातून विचारायचे, "सिताराम, काय वाचू रे?" तो माणूस बघून पुस्तक काढायचा. कुणाचं घरात भांडण झालंय, कुणाची म्हैस मेलीय, सगळं त्याला ठाऊक असायचं. माझी शिफारस मात्र तो सगळ्यांनाच करायचा.

शाळेतल्या कस्तुराबाई पहिल्यांदा हसल्या. "पोरासोरांचं हाय हे, सिताराम."

"न्हाई बाई, मोठ्यांचंच हाय. चित्रं हायत म्हून पोरायचं वाटायलंय."

कस्तुराबाई दुसऱ्या दिवशी मला परत घेऊन आल्या आणि लिहिलं: 'डोळ्यांत पाणी आले.' 

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष बन्सीधरआण्णा. गावातलं मोठं घर. त्यांनी मला नातवासाठी म्हणून नेलं. त्यांची आई कडूबाई दारातच बसलेली असायची. तिनं मला हुंगलं.

"ही खळ कुणाच्या घरची?"

"सितारामच्या," नातू म्हणाला.

"मग वसरीवर उन्हात ठीव जरा. आन् पान उलटताना बोटाला थुका लावू नको."

घटकाभर मी उन्हात पडून राहिलो. माणसांना पान उलटायला बोट ओलं करायची भारी सवय असते. तेरा वर्षांत मी शेकडो बोटं चाखली, तंबाखूची, शेंगदाण्याची, आजारी माणसाची सुद्धा. त्या एका घरातच मला कोरड्या बोटांनी वाचलं. गंमत म्हणजे नातू झोपल्यावर आण्णांनी मला स्वतः वाचलं, आणि परत करताना माझ्यामागं ठसठशीत लिहिलं: 'कान्हूला इतकी वर्षे मागे ठेवले हा अन्याय. त्याला मान मिळाला, शेवट उत्तम. – बन्सीधर.' मला त्या ओळीचा फार अभिमान होता. मी अडाणीच म्हणायचा.

वर्षं गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून भांडण चालूच होतं. अठ्ठ्याहत्तरला, मी यायच्या आधी, भीमनगरात काय झालं ते मी सितारामच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्याच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती, तेवढीच मला दिसायची. वाचनालयात तो त्या विषयावर बोलायचा नाही. वर्तमानपत्रातली ती बातमी कुणी मोठ्यानं वाचायला लागलं की तो आत जाऊन पुस्तकं पुसायचा.

त्र्याण्णव साली व्यंकटरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नोंदी दिसेनाशा झाल्या. ते म्हणाले, "सिताराम, मला आता जमत न्हाई बघ. माझ्यामागं तूच." सितारामनं ते मनावर घेतलं. परभणीला रविवारी रविवारी जाऊन ग्रंथालयाची परीक्षा दिली. एसटीत उभ्यानं अभ्यास केला आणि पहिल्या फटक्यात पास झाला. दिवाळीला आण्णांना प्रमाणपत्र दाखवलं.

आण्णा म्हणाले, "आरं, तूच तर चालवायलास सगळं. तुझंच हाय ते. संक्रांतीनंतर बैठक घिऊ."

मी पाहिलंय, त्या दिवशी सिताराम व्यंकटरावांची खुर्ची पुसत होता आणि पुसता पुसता थांबला. इकडंतिकडं बघितलं आणि क्षणभर तिच्यावर बसला. पाठ टेकवली नाही. मग उठून पुन्हा पुसली.

मग संक्रांत आली आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. भीमनगरात हलगी वाजली. बाकीच्या गावानं दारं लावून घेतली. सितारामनं दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नेहमीसारखं कुलूप काढलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याला वाटलं, आपण काही बोललो नाही म्हणजे प्रश्नच आला नाही. आठवडाभर वाचनालयात कुणी फिरकलं नाही.

बैठक आठवड्यानं झाली, भर दुपारी, वाचनालयातच. आण्णा, समितीचे आणखी तिघं आणि व्यंकटराव. आणि दाराशी भुजंग. भुजंग आण्णांचा पुतण्या, बी.ए.ला तीनदा बसलेला. तो वाचनालयात यायचा तो फक्त क्रिकेटचा निकाल बघायला.

सितारामनं आपला अर्ज ठेवला, प्रमाणपत्र ठेवलं. आणि मग त्यानं ती चूक केली. कपाटातून मला काढलं. इतकी वर्षं पुस्तकांवर विश्वास ठेवलेला माणूसच ती करू शकतो. त्याला वाटलं, जी कान्हूसाठी हळहळली ती माणसं समोरच बसलीत, त्यांना त्यांचीच अक्षरं दाखवावीत. त्यानं माझं मागचं पान उघडलं.

"मी काय नवं मागायलो न्हाई," तो म्हणाला. "तुमीच लिवलेलं वाचून दाखवतो."

आणि वाचायला लागला. एकेक ओळ, एकेक सही. 'सितारामने सांगितले म्हणून वाचले, सार्थक झाले.' 'जोडीदार असावा तर असा.' समितीच्या तिघांच्याही ओळी त्यात होत्या. ते जमिनीकडं बघत होते. शेवटी त्यानं आण्णांची ओळ वाचली. 'कान्हूला इतकी वर्षे मागे ठेवले हा अन्याय.' माझ्या पानाला त्याच्या बोटांचा घाम लागत होता.

आण्णा म्हणाले, "ते चित्रातलं हाय रे सिताराम."

"व्हय आण्णा. पर सही तुमची हाय."

हे बोलायला नको होतं. आण्णांचा चेहरा बदलला. "विद्यापीठ घेतलंच की तुमी. आता हे बी पायजे का?"

सिताराम व्यंकटरावांकडं बघायला लागला. त्यांच्या जागी तेरा वर्षं त्यानं काम केलं होतं. व्यंकटरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "मला काय दिसतंय आता? तुमी सगळे ठरवाल ते." त्यांना दिसत नव्हतं हे खरं. ऐकू मात्र चांगलं यायचं.

भुजंगची नेमणूक पाच मिनिटांत झाली. "सिताराम हायच की मदतीला, शिकवील त्याला," एकजण म्हणाला, आणि सगळ्यांना ते फार चांगलं वाटलं. उठताना आण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

"ते मागचं पान काढून टाक. पुस्तकावर लिवायची रीत बरी न्हाई."

"मीच काढू?"

"मग कोण? तुलाच जमतंय ते."

सगळे गेले. सितारामनं लोखंडी पट्टी घेतली, शिवणीला लावली आणि पान ओढलं. एवढ्या रागातही त्यानं मला कुठं ओरखडा येऊ दिला नाही. तेवढ्यात त्याची बायको कुसुमबाई डबा घेऊन आली. त्या दिवशी घाईघाईनं आली होती बिचारी, बातमी ऐकायला.

"काय झालं वो?"

"पान खराब झालं हुतं. काढलं."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि डबा खाली ठेवला. त्यानं ते पान घडी करून चुलीसाठी तिच्या पिशवीत टाकलं. पन्नासेक माणसांची सहृदयता, एका चहापुरती.

आता खुर्चीवर भुजंग बसतो. सिताराम अजून नऊला कुलूप काढतो. घरात खाणारी तोंडं आहेत, तो जाणार कुठं? पुस्तकं शिवतो, नोंदी करतो, भुजंग त्याखाली सही करतो. परवा कस्तुराबाई आल्या. झालेलं त्यांच्या कानावर गेलंच असणार. त्या दिवसापासून आल्या नव्हत्या, पण त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "सिताराम, काय तरी चांगलं सांग वाचायला."

सितारामनं मान वर केली नाही. "यादी भिंतीवर हाय, बाई."

बाई थोडा वेळ यादीपुढं उभ्या राहिल्या. तेरा वर्षांत त्यांना स्वतःहून पुस्तक निवडायची वेळ आली नव्हती. तशाच रिकाम्या हातानं गेल्या. आता गाव वाचत नाही फारसं. सांगणारा गप्प झालाय.

खरं सांगू? मला आण्णांपेक्षा माझाच राग येतो. त्यांनी सितारामला नाही म्हटलं एकदाच. मी त्याला तेरा वर्षं हो म्हणत होतो. ज्यांची बोटं माझ्या कागदाला लागली त्यांची मनंही लागली असतील, असं त्याला वाटायला मी लावलं. मला लिहिणाऱ्यानं आणि माझी चित्रं काढणाऱ्यानं कान्हूचा शेला कापायला एक चौकट घेतली. लोकांनी त्याला खांद्यावर घेण्याआधी त्याची जात विचारली का, तो कुठं राहतो हे विचारलं का, ते दाखवायला एकही चौकट ठेवली नाही. आणि सितारामनं ती उणीव आपल्या चांगुलपणानं भरून काढली.

म्हणून तुमच्या हातात मी कधी आलो, तर एवढं ऐका. वाचा मला, बेलाशक वाचा. पण अठ्ठाविसाव्या पानावर थांबा. तिथं शहर वाचलेलं आहे, पाणी ओसरलंय आणि कान्हू चिखलात एकटा उभा आहे. तिथपर्यंत मी खरा आहे.