आईचं लग्नाआधीचं नाव

मी प्रणालीचा ई-मेलचा पत्ता बोलतोय. आवाज कापरा वाटला तर समजून घ्या; त्या दुपारचा धक्का अजून ओसरलेला नाही. माझ्याच मालकिणीला मी घराबाहेर ठेवलं होतं.

माझा जन्म नागपुरातल्या महाल भागात, एका सायबर कॅफेत झाला. प्रणाली नुकतीच बारावी झाली होती, सोबत तिची आई पुष्पलता होती. फुकट मिळतं आणि झटपट होतं, एवढंच पाहून कॅफेवाल्यानं कुठल्याशा नवख्या कंपनीत माझं खातं उघडलं. अडीअडचणीला ही कंपनी फोन तरी उचलेल का, हे कुणी विचारलं नाही. याच मायलेकी बाजारात वांगं उलटंपालटं करून बघतात हो!

प्रणाली झेरॉक्स काढायला बाहेर गेली, तेव्हा कॅफेवाल्यानं आईला एक प्रश्न विचारला. तिनं दिलेलं उत्तर मी किल्लीसारखं जपून ठेवलं.

पुढे सगळं माझ्याकडेच येत गेलं. निकाल आले, नकारही आले. पासवर्ड फोनला ठाऊक होता, त्यामुळे तो लक्षात ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. मग फोन बिघडला, आणि नव्या फोनला पासवर्ड ठाऊक नव्हता. माझ्याकडे नोंदवलेला जुना नंबर तर रिचार्जअभावी कधीच बंद पडला होता.

आणि नेमका तेव्हाच नागपूरच्या मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीचा फोन आला. नेमणुकीचं पत्र मेलवर पाठवलंय, अर्जातल्या याच पत्त्यावरून आज संध्याकाळपर्यंत होकार द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

पत्र माझ्या पोटात होतं आणि प्रणाली दाराबाहेर. तिनं मदत मागितली, तर माझ्या कंपनीनं कळवलं, "उत्तर आपल्या ई-मेलवर पाठवलं आहे." म्हणजे माझ्याकडेच! मी हबकलोच.

शेवटी मी तो प्रश्न पुढे केला: आईचं लग्नाआधीचं नाव? प्रणालीनं आजोळचं आडनाव टाकलं, धकाते. चूक. स्पेलिंग बदलून टाकलं. तेही चूक. आता एकच संधी उरली होती. हे उत्तर आपण दिलंच नव्हतं, हे तिला आठवलं आणि ती आईकडे वळली.

"आई, तू त्या कॅफेवाल्याले काय सांगितलं होतं?"

"त्यानं इचारलं, लग्नाआधीचं नाव काय. मी सांगितलं, यमुना."

"यमुना कोण?"

"मीच वं. लग्नात तांदळावर पुष्पलता लिहिलं, तवापासून पुष्पलता झाली."

प्रणालीनं फोन बाजूला ठेवला. "मले कधी सांगितलं काहून नाही?"

"कोणी इचारलंच नाही."

तिनं यमुना लिहिलं आणि मी दार उघडलं. होकार वेळेत गेला.

आता प्रणाली दुसऱ्या ई-मेलच्या पत्त्यावर राहते. या वेळी तिनं आधी चौकशी केली, चालू नंबर दिला, आईचाही जोडला, दार उघडायचे जादा कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले. मी रिकामा पडलोय, पण रुसलो नाही. तुम्हीही आपलं कुलूप एकदा तपासून घ्या, बाहेर उभं राहायची पाळी येण्याआधी.

एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. होकार गेल्यावर प्रणालीनं हाक मारली, "यमुना!" आणि पुष्पलताबाईंनी, कोण आलं म्हणून, दाराकडे पाहिलं.