नांगराची निशाणी

खालापूरकडच्या त्या गावात मॅट्रिक झालेला धाकलू एकटाच. तिथंच तर पंचाईत होती. वकिलीचा अभ्यास मुंबईच्या सरकारी वर्गात करायचा, की ठाण्याच्या एका वकिलांच्या खासगी वर्गात, हे विचारायचं कुणाला? पाटलाला विचारलं, मामाला विचारलं. सगळे एकच म्हणाले, "तू शिकलेला, तुला आमी काय सांगणार?" आठ दिवस हेच ऐकून त्याचं डोकं फिरलं. शिकलेल्या माणसाला कुणी लागतच नाही की काय!

शेवटी त्याने दोन्ही अर्ज बापापुढे ठेवले. भिवाजीने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "यातल्या कुठल्या कागदाला मी लागतो रं?"

सरकारी अर्जाला धाकलूची एकट्याची सही पुरत होती. खासगी वर्गाला मात्र वडिलांची संमती हवी होती.

"ह्याला," खासगी वर्गाच्या अर्जावर बोट ठेवत धाकलू म्हणाला, आणि तिथंच त्याचं ठरलं. मुंबई राहून गेली.

भिवाजीने हात धुऊन धोतराला पुसले. लिहिता न येणाऱ्या कुळवाड्याची सही म्हणजे नांगराचं चित्र. आज्यापणज्यापासून तेच चालत आलेलं. जीभ दाताखाली धरून त्याने इसाड, रुमणं, फाळ सगळं नीट काढलं आणि टाक लेकाच्या हातात दिला. "आता तुझा काढ."

धाकलूने झोकात आपलं नाव लिहिलं.

भिवाजीने कागद डोळ्यांजवळ नेला.

"अन् नांगर कुठं हाय रं तुझा?"