बंडप्पाच्या घरचं अकरा जणांचं बारसं

या, टेका हितं. चहा उकळतोय तवर तुमाला मुरुमच्या बंडप्पाची गोष्ट सांगतो. ऐकून म्हणाल, ह्या माणसाच्या डोस्क्याला ऊन लागलंय. पण आधी पुरती ऐका.

बंडप्पाचं मुरुमात बियाणाचं दुकान. घरात तो आन बायको इरम्मा, दोघंच. पोरगा नंदीश पुण्याला. पोरगं लई मायेचं, पण माया कुरिअरनं धाडणारं. टीव्ही धाडला, फ्रीज धाडला, कपडे धुवायची मशीन, दारावर दोन कॅमेरे, नुसतं तोंडानं सांगितलं की पेटणारा दिवा. सगळं वायफायवर चालणारं. वायफायचा डबा देवळीत, तेलाच्या दिव्याशेजारी.

एक दिवस टीव्ही सारखा अडकायला लागला. नंदीशनं फोनवर सांगितलं, आप्पा, तुमच्या मोबाईलात राउटरचं ॲप टाकून दिलंय, मराठीतच हाय, उघडा. बंडप्पानं उघडलं आन जागीच गार पडला. घरात अकरा जण जोडलेले, आन अकराच्या अकरांपुढं लिहिलेलं, 'अनोळखी'. नंदीश म्हणला, एकेकाला नाव द्या, आपलं नसंल त्याला ब्लॉक करा, झालं.

नाव द्या म्हणला आन बंडप्पाचा हात थांबला. कारण ह्या घरात नावावरनंच एकदा राडा झालेला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नंदीशला बहीण न्हाय, म्हणून त्याला पोरगी झाली तवा तो मान बंडप्पाच्या थोरल्या बहिणीचा, लोहाऱ्याच्या सारजाबाईचा. बाई 'निलव्वा' नाव मनात धरून आली, आन बघती तर पोरांनी जन्माच्या दाखल्यावर आधीच शिवप्रिया घालून टाकलेलं. सारजाबाई पाळण्याला हात न लावता, घासभर न खाता उठली. दोन वर्षं झाली, ह्या घराचा उंबरा तिनं शिवला न्हाय. बंडप्पाचा फोनबी उचलत न्हवती. माणूस आतनं सुकत चाललेला, पण सांगणार कुणाला?

तर त्यानं इचार केला. ही समदी लेकरं माझ्याच घरात वाढत्यात, माझीच वीज खात्यात. मग ह्यांची आत्या कोण? सारजाआक्काच की. आता परत तिला डावलून नावं ठेवली, तर ती मेल्यावरबी बोलायची न्हाय.

दुसऱ्या दिशी गडी जीपनं लोहाऱ्याला. सारजाबाई अंगणात उडीद पाखडत बसलेली. मान वर केली न्हाय. बंडप्पानं उभ्या उभ्याच समदं सांगितलं. बाई पाखडतच राहिली. त्याला वाटलं, आता हे सूप माझ्या टाळक्यात बसतंय.

"किती हायती म्हणलास?" सारजाबाईनं इचारलं.

"अकरा, आक्का."

"आन एकाचंबी नाव ठेवलं न्हाय?"

"तुमच्याबिगर कसं ठेवू?"

बाईनं सूप खाली ठेवलं आन लुगडं बदलायला आत गेली.

मग काय इचारता. इरम्मानं घुगऱ्या शिजवल्या, माळ्यावरचा पाळणा काढला, गल्लीतल्या बाया जमल्या. सारजाबाईनं आल्या आल्या फैसला दिला, की राउटर म्हणजे बाळंतीण, तिला वारं लागता कामा न्हाय. गोधडीत गुंडाळलं तर तासाभरात डबा भट्टीवानी तापला आन नेट गेलं, तवा कुठं गोधडी काढू दिली. दिवा पाळण्यात मावला. टीव्ही कुठला मावतोय, म्हणून पाळणाच टीव्हीपुढं नेऊन रिकामा हलवला. फ्रीजचा कान कुठला, ह्यावर बायांचं लई चाललं. शेवटी ठरलं, मागं जिथं घुरघुरतंय तिथंच असणार. सारजाबाईनं तिथं तोंड लावून "कुर्रर्र" केलं आन नाव सांगितलं, शांतव्वा. मशीन झाली गंगव्वा. टीव्ही रेवणसिद्ध. कॅमेरे दिसायला जुळे, म्हणून बसवण्णा आन चन्नबसव, त्यांच्यासाठी बाई स्टुलावर चढली. बंडप्पा एका बोटानं एकेक नाव मोबाईलात घालत होता. त्याचा मोबाईल शेवटी आला. बाईनं तो हातात धरून जरा वेळ बघितलं आन हळूच म्हणली, निलव्वा. बंडप्पानं ते टाईप करताना दोनदा चष्मा पुसला.

अकरा नावं झाली. आन यादीत खाली बारावं कोणतरी, 'अनोळखी'. बंडप्पाला आलेला जोर. बारशाच्या घरात चोर? दाबलं ब्लॉक.

सारजाबाई भिंतीला टेकून लेकीला मोबाईलवर बारसं दाखवत होती. पडद्यावरची लेक जागच्या जागी थिजली, मग दिसायचीच बंद झाली. दोन वर्षांमागचा पासवर्ड बाईच्या मोबाईलात तसाच होता, घरात पाय ठेवल्या ठेवल्या तो आपोआप जोडला गेलेला. बाईनं भावाचं तोंड बघितलं आन वळखलं.

"म्या अनोळखी व्हय रं, बंडप्पा?"

बंडप्पानं लगोलग ब्लॉक काढला. तो शब्द मात्र तसाच. इरम्मा म्हणली, वन्सं, तिथं तुमचं नाव घालते की.

"घालशील. माझं नाव घालायचा मान माझ्या आत्याचा," सारजाबाई म्हणली. "दुसऱ्या कुणी बोट लावलं तर ह्या घरचं पाणी पिणार न्हाय. आन नाव लागल्याबिगर म्या हितनं हलणारबी न्हाय."

आत्या म्हणजे तामलवाडीची सिताबाई. नव्वदीच्या पुढची, पण खणखणीत. बंडप्पा म्हणला, आजच सांगावा धाडतो.

ह्याला तीन महिने झाले. सारजाबाई मुरुमातच हाय. इरम्माच्या भाजीत मीठ कमी काढती, शांतव्वाला दार नीट लावत न्हाय म्हणून रागावती, दुकानात गिऱ्हाइकालाबी चार गोष्टी ऐकवती. रोज इचारती, आत्याचं काय झालं रं? बंडप्पा म्हणतो, गुडघा धरलाय म्हणं, पुढल्या आठवड्यात येती. आन जेवताना एक भाकरी जास्तीची मागून घेतो. सिताबाईला त्यानं अजून सांगावाच धाडलेला न्हाय.

तर तुमी उद्या तुळजापूरकडनं जाणार म्हणता. तामलवाडीत सिताबाईकडं उतरा, पाया पडा, चहा घ्या. पण ह्यातलं एक अक्षर म्हातारीपुढं काढू नका, एवढं माझं ऐका.